हिरव्या टोपीची सुई

आमच्या सातवीच्या वर्गात मराठीचा तास रोज दुसरा असतो. शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे शुद्धलेखन म्हटले की मुलांच्या चेहऱ्यावर आधी काळजी उमटते. त्या दिवशी आम्ही बाकांमधून फिरत शब्द सांगत होतो. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा पेन मुठीत धरून लिहीत होता, बालवाडीतली मुले धरतात तसा. जवळ जाऊन पाहिले तर अंगठ्याला चिंधी बांधलेली आणि चिंधीवर हळदीचा डाग.

"काय झालं रे?"

"कुछ नहीं टीचर, सुई लगी."

"शिवणाची?"

"नहीं टीचर. शुगरवाली."

या मुलाच्या चाचांचे वडाळ्याकडे भंगाराचे छोटे गोदाम आहे. वडील नाहीत. शाळा सुटली की तो तिथे बसून प्लास्टिक वेगळे करतो. कडक प्लास्टिक एका पोत्यात, पातळ दुसऱ्यात, पत्रा तिसरीकडे. शाबान निम्मा सरला होता. रमजानच्या आधी आपल्या घरांत जी साफसफाई निघते, माळे रिकामे होतात, भिंतींना रंग लागतो, ते दिवस म्हणजे भंगारवाल्यांचा हंगाम. आदल्या संध्याकाळी एका फुटक्या बादलीत दुधाची गाठ मारलेली पिशवी होती. पिशवी चांगल्या प्लास्टिकची म्हणून त्याने गाठ सोडायला बोटे घातली.

"कशी होती सुई?"

त्याने डाव्या हाताच्या चिमटीने माप दाखवले. "इत्ती सी. हिरवी टोपी होती टीचर. बहुत थी."

तो बोलायचा थांबला आणि आमच्या डोळ्यांसमोर आमचाच माळा आला. तीन दिवसांपूर्वी आम्ही भंगारवाल्याला दोन फुटक्या बादल्या, एक टब आणि रद्दी दिली होती. आणि अब्बांच्या सुया आम्ही दुधाच्या पिशवीतच भरून ठेवत होतो. हिरव्या टोपीच्या.

अब्बा म्हणजे आमचे सासरे. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. साखर वीस वर्षांची जुनी, इन्सुलिन दोन वर्षांपासून. दिवसातून तीनदा, म्हणजे वर्षाला हजारावर सुया. ज्यांच्या घरी इन्सुलिनचे पेन आहे त्यांनी ही सुई नीट पाहिली असेल की नाही कोण जाणे, आम्ही पाहिली नव्हती. तिला दोन टोके असतात. एक आपल्या पोटात जाते, दुसरे मागच्या बाजूने पेनमधल्या औषधाच्या नळीत रुतते. नवी सुई दोन टोप्यांत येते. आतली लहान आणि बाहेरची मोठी. मोठी टोपी कशासाठी असते? सुई काढताना पुन्हा वर बसवायची, तिच्यासकट पिळून सुई पेनपासून सोडवायची, म्हणजे दोन्ही टोके झाकलेली राहतात. आम्ही ती मोठी टोपी पहिल्याच मिनिटाला फेकून देत होतो, पुडीचे वेष्टन फेकावे तशी. अब्बा लहान टोपी परत बसवत आणि समजत की काम झाले. मागचे टोक उघडेच राही. दोन वर्षे आम्ही उघड्या सुया पिशवीत भरत होतो आणि पिशवीला गाठ मारली याचे समाधान मानत होतो.

त्या मुलाने सुई टोचल्यावर काय केले होते? अंगठा दाबून रक्त काढले, तोंडात घालून चोखले आणि हळद लावली. आपल्यापैकी नव्वद टक्के लोक हेच करतील. पण दाबायचे नसते, चोखायचे तर मुळीच नसते. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे आणि त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला, डॉक्टरकडे जायचे. वापरलेल्या सुईतून तीन आजारांची भीती असते. कावीळ ब, कावीळ क आणि एड्सचा विषाणू. बाधित माणसाच्या रक्ताची सुई टोचली तरी एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता हजारात तीनच्या आसपास धरतात. कावीळ ब ची शक्यता मात्र, लस घेतलेली नसेल तर, कितीतरी पट जास्त असते. एचआयव्ही रोखण्याच्या गोळ्या द्यायच्या असतील तर त्या 72 तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. हे सगळे आम्हाला त्या दिवशी दुपारी कळले. सकाळी दहा वाजता आम्हाला फक्त एवढेच माहीत होते की उशीर करायचा नाही.

मुलाच्या आईला फोन लावून बोलावले आणि सरकारी रुग्णालयात गेलो. डॉक्टर तरुण होते. सुई किती खोल गेली, रक्त किती आले, सुईवर ओले रक्त होते का, सगळे शांतपणे विचारले. लसीचे कार्ड मागितले. आई म्हणाली, घर बदलताना गेले. मग त्यांनी विचारले, "सुई कुणाची होती, काही अंदाज?"

आई म्हणाली, "साहेब, भंगारातली. कुणाची सांगणार?"

आम्ही तेव्हा काहीच बोललो नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायचे तर खरे लिहावे. डॉक्टरांनी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, कावीळ ब च्या लसीचा पहिला डोस दिला, रक्त घेतले आणि सहा आठवड्यांनी व तीन महिन्यांनी पुन्हा तपासणीला यायला सांगितले. एचआयव्हीच्या गोळ्यांची गरज वाटत नाही असे म्हणाले, पण जाता जाता पुन्हा बोलले, "ज्याची सुई होती त्याची तपासणी झाली असती तर घोर मिटला असता."

संध्याकाळी घरी आल्यावर अब्बांना सगळे सांगितले. सांगताना आम्ही दोघे नवरा-बायको एकमेकांकडे पाहत होतो, कारण पुढचे वाक्य कुणी बोलायचे हे ठरले नव्हते. अम्मी मध्येच म्हणाल्या, "सारा मोहल्ला शुगरचा आहे. आपलीच कशावरून?" बरोबर होते. हिरवी टोपी काही आमच्या घराण्याची निशाणी नाही. औषधाच्या कोणत्याही दुकानात मिळते.

अब्बा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वर्कशॉपमध्ये कुणी ब्लेड उघडे टाकले तर मुकादम आधी ब्लेड उचलायला लावायचा, कुणाचे ते मग विचारायचा." आणि मग, "सकाळी जाऊ. माझं रक्त देऊ."

ज्यांना हे सोपे वाटते त्यांच्यासाठी सांगतो. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते, तपासणीआधी समुपदेशक बोलतात आणि संमतीशिवाय ती करता येत नाही. निकाल गुप्त ठेवावा असा 2017 चा कायदाच आहे. पण दाराबाहेरच्या बाकाला गुप्तता कुठली? ज्या बाकावर अब्बा बसले त्याच्या वर मोठ्या अक्षरांत सगळे लिहिलेले होते. सत्तरीतला, पांढऱ्या दाढीचा, टोपी घातलेला माणूस तिथे बसलेला पाहून येणारे-जाणारे एकदा पुढे जाऊन पुन्हा मागे वळून पाहत. ओळखीचा एक रिक्षावाला थांबला. "चाचा, आप यहाँ?" अब्बांनी त्याला सगळी हकीकत सांगितली. सुई, दुधाची पिशवी, पोराचा अंगठा, सगळी. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "हमारे घर में भी ऐसे ही फेकते हैं."

अब्बांचे तिन्ही निकाल चांगले आले. ते कागद घेऊन आम्ही मुलाच्या घरी गेलो. त्याची आई शिवणकाम करते. मशीन थांबवून तिने कागद हातात घेतला, वाचता येत नव्हता तरी बराच वेळ पाहिला. रागावली नाही. त्यापेक्षा रागावली असती तर बरे झाले असते. म्हणाली, "टीचर, तुमची नसेल तर दुसऱ्या कुणाची असेल. पण तुम्ही आलात." तरीही पुढच्या तपासण्या सुटल्या नाहीत. सुई आमचीच होती हे कुणी शपथेवर सांगू शकत नव्हते, म्हणून सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी ती दोघे पुन्हा रुग्णालयात गेली. दोन्ही वेळा सुट्टीचा अर्ज आमच्याकडेच आला. "कारण" या शब्दापुढे मुलगा काहीच लिहीत नसे.

त्याच आठवड्यात एका रात्री आम्ही घराची झडती घेतली. जुनी चादर अंथरली आणि ज्याला हात लावताना मनात शंका येईल ते सगळे त्यावर मांडले. तेवढ्यासाठी दोन तास लागले. औषधांचा डबा आधी उलटला. मुदत संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, अर्ध्या वापरलेल्या खोकल्याच्या बाटल्या, अम्मींच्या जुन्या डॉक्टरांनी दिलेल्या आणि नव्या डॉक्टरांनी बंद केलेल्या गोळ्या. मग रिमोटचे आणि भिंतीवरच्या घड्याळाचे सेल. मोबाइलची एक बॅटरी, जी भाकरीसारखी फुगलेली होती आणि आम्ही ती कपड्यांच्या कपाटात जपून ठेवली होती. कशासाठी, विचारू नका. माळ्यावर सहा ट्यूबलाइट आणि चार सीएफएल बल्ब. उरलेला तेलरंग, थिनर, झुरळांचे औषध, उंदरांच्या वड्या, संडास धुण्याचे ॲसिड, ब्लीचिंग पावडर.

आणि मोरीतला निळा कॅन. हा कॅन म्हणजे आमच्या घरातली सर्वात लाजिरवाणी वस्तू निघाली. आमचे मामू निफाडकडे द्राक्षबागांत फवारणीची कामे घेतात. नाशिक जिल्ह्यातली द्राक्षे जगभर जातात, त्यांच्यावर छाटणीपासून तोडणीपर्यंत किती फवारण्या होतात हे बागेत राबणाऱ्यालाच ठाऊक. औषधाचे रिकामे कॅन मजबूत असतात, झाकण घट्ट असते. मामूंनी तीन वर्षांपूर्वी एक आणून दिला होता. पाणी जाते त्या दिवसांसाठी आम्ही त्यात पाणी भरून ठेवत होतो. पिण्याचे नाही, पण तोंड धुण्याचे तर होतेच. कॅन तीनदा खळखळून धुवायचा, ते पाणी फवारणीच्याच टाकीत ओतायचे आणि कॅनला भोके पाडायची, म्हणजे कुणी पुन्हा वापरणार नाही, असा साधा नियम आहे. मामूंना फोनवर सांगितले तर म्हणाले, "भोक पाडलं तर कोण विकत घेईल?" तिथेच सगळे अडते. 2017 मध्ये यवतमाळला कापसावर फवारणी करताना विषबाधेने माणसे दगावली तेव्हा आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली होती. तेच विष वेगळ्या नावाने आमच्या मोरीत उभे होते.

पाऱ्याची गोष्ट वेगळी आहे, कारण पारा लहान मुलांना आवडतो. आमच्या लहानपणी थर्मामीटर फुटला की ती चांदीची गोळी तळहातावर फिरवायला भावंडांत भांडणे होत. एका थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये त्याच्या मानाने फारच थोडा, काही मिलिग्रॅम. पण ट्यूब फोडण्याचा आवाज! आमच्या गल्लीतली मुले जुन्या ट्यूबची वाटच पाहत असतात. फट्ट झाले की पांढरी पावडर उडते आणि पाऱ्याची वाफ हवेत मिसळते. घरात बल्ब फुटला तर खिडक्या उघडाव्यात, मुलांना घेऊन खोलीबाहेर जावे, दहा-पंधरा मिनिटांनी जाड कागदाने तुकडे गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करावे. झाडू फिरवू नये. झाडूने पारा सगळ्या घरभर होतो.

जपानच्या मिनामाता गावाचे नाव विज्ञानाच्या शिक्षकांना माहीत असते. कारखान्याचा पारा खाडीत, खाडीतून माशांत, माशांतून माणसांत गेला आणि 1956 मध्ये तो आजार म्हणून नोंदला गेला. पण आपल्याकडचे कोडाईकनाल फार थोड्यांना आठवते. तिथल्या थर्मामीटरच्या कारखान्यातला पारा लागलेला फुटका काचमाल गावातल्या एका भंगारच्या दुकानात सापडला आणि 2001 मध्ये तो कारखाना बंद झाला. तिथेही वाट भंगारच्या दुकानातूनच गेली होती. आपण म्हणतो, टाकून दिले. वस्तूच्या दृष्टीने ती फक्त दुसऱ्याच्या हातात गेलेली असते.

औषधांचेही तसेच. आमची अम्मी जुन्या गोळ्या मोरीत ओतून वर पाणी सोडायच्या, कुणा मुलाच्या हाती लागू नयेत म्हणून. हेतू चांगला, पण मोरीचे पाणी शेवटी नासर्डीकडे किंवा गोदावरीकडेच जाते. औषध कुठे जाऊन कुणाला मारेल याचा नेम नसतो हे आपल्या जिल्ह्याला गिधाडांनी शिकवले आहे. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरात उरायचे, ते मांस खाऊन गिधाडे मरायची. 2006 मध्ये गुरांसाठी ते औषध बंद केले गेले, तोवर गिधाडे दिसेनाशी झाली होती. हरसूलकडे खोरीपाड्याला वनखाते आणि गावकरी मिळून गिधाडांसाठी खास सुरक्षित मांस ठेवतात. ज्यांना मुलांना घेऊन कुठे जायचे सुचत नाही त्यांनी तिकडे जावे.

सुरम्याची डबीही त्या चादरीवर आली आणि अम्मींनी ती लगेच उचलून घेतली. पारंपरिक सुरम्याचा दगड पुष्कळदा शिशाचे खनिज असतो. बाळांच्या डोळ्यांत तो घालू नये असे डॉक्टर सांगतात. यावर आमच्या घरात अजून एकमत नाही, म्हणून हा विषय इथेच सोडतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर मात्र सोडता येत नाही. रमजानच्या साफसफाईत अनेक घरांत उरलेसुरले दोन्ही एकदम संडासात ओततात, "एकदाच साफ होईल" म्हणून. दोन्ही मिळून क्लोरीनचा वायू होतो. बंद मोरीत तो छातीत भरला तर माणूस बाहेर येईलच असे नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही फळ्यावर लिहिले, "घरगुती घातक कचरा". कायद्यातलाच शब्द होता. मुलांना अर्थ विचारला. "घरगुती" सगळ्यांना आला. "घातक" शब्दावर शांतता झाली. मग एकाने हात वर केला. "टीचर, घातक मतलब क़ातिल?"

वर्ग हसला. पण शब्दकोशातून पाहिले तर तो फार चुकला नव्हता.

2016 च्या घनकचरा नियमांत या कचऱ्याची यादी होती. रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज. ओला आणि सुका आपल्याला पाठ झाला आहे, हा त्या नियमांतला तिसरा होता. तो प्रत्येक घराने वेगळा ठेवायचा आणि शहराने दर वीस चौरस किलोमीटरमागे त्याचे एक जमा केंद्र करायचे असे ते नियम सांगत होते. मुलांना गणिताची गोडी लागावी म्हणून आम्ही भागाकार करायला लावला. नाशिक शहराचे क्षेत्र साधारण 260 चौरस किलोमीटर. उत्तर तेरा. तो अंगठ्याचा मुलगा वहीत तेरा लिहून म्हणाला, "टीचर, तेराही चाचांच्या गोदामाच्या बाजूला करायला पाहिजेत."

त्याचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. भंगाराचा धंदा नाशिकमध्ये आपल्या लोकांचा फार मोठा आहे. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार 2017 मध्ये उठवला तेव्हा किती घरांची चूल विस्कटली हे वाचकांपैकी काहींना स्वतःच्या अनुभवाने माहीत असेल. आपण नाशिकला टाकलेले प्लास्टिक मालेगावला जाते, तिथे कारखान्यांत वितळून त्याचे पाइप होतात. या साखळीतला प्रत्येक हात कुणाच्या तरी चाचाचा, भाच्याचा, शेजाऱ्याचा असतो. आम्ही गोदामावर गेलो तेव्हा चाचांनी आम्हाला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सुयांचे नाव काढताच हसले. स्वतःचे तळहात दाखवले. खुणा मोजायला लागलो तर चहा गार झाला असता. वायर जाळून तांबे काढणाऱ्या पोरांना त्यांनी गोदामात मज्जाव केला आहे, हे मात्र त्यांनी अभिमानाने सांगितले. "धूर छाती में जाता है." हातमोजे का वापरत नाही विचारले तर म्हणाले, मोज्याने पातळ-जाड प्लास्टिक समजत नाही, बोटांना कळते.

मग सुयांचे करायचे काय? आमच्या गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरसाहेबांकडे गेलो. दवाखान्यांचा कचरा वेगळी गाडी नेते. सुया पांढऱ्या, आरपार दिसणाऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत असे त्याचे रंग ठरलेले आहेत. डॉक्टरसाहेब आधी नाही म्हणाले. त्यांच्या प्रत्येक पिशवीवर बारकोड असतो, वजन लिहिले जाते. "तुमच्या घरच्या सुया माझ्या बारकोडात कशा बसवू?" हरकत रास्त होती. आम्ही दुसऱ्यांदा गेलो, अब्बांना घेऊन. अब्बा काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. डॉक्टरसाहेब त्यांचेच पेशंट ओळखत होते, त्यांतल्या किती जणांना आपण इन्सुलिन लिहून दिले हेही त्यांना माहीत होते. शेवटी म्हणाले, महिन्यातून एकदा, पहिल्या शनिवारी, डबा बंद असेल तर आणा. आता पाच-सहा घरांचे डबे जातात.

डबा कसला? कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड बाटली. तोंड लहान, भिंत जाड, झाकण फिरकीचे. अब्बा मोठी टोपी बसवून सुई पिळतात आणि बाटलीत टाकतात. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद. अब्बांनी बाटलीवर मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे लिहिले, "सुया आहेत, हात लावू नका". मुलगी म्हणाली, दादाजान, ज्याला वाचता येत नाही त्याचं काय? मग तिने लाल रंगाने सुईचे चित्र काढले. पुण्यात कचरा वेचणाऱ्या महिलांच्या संघटनेने सॅनिटरी पॅडसाठी हेच केले आहे. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उचलणाऱ्या बाईला न उघडता कळते. आमच्या घरात आता तोही ठिपका असतो. यावर पुरुषांसमोर बोलायचे नाही हा आपल्याकडचा रिवाज आम्ही जाणतो. ठिपका काढायला बोलावे लागत नाही.

शाळेत सेलसाठी एक बरणी ठेवली. पहिल्या आठवड्यात 63 सेल आले. त्यांतले काही नवेकोरे निघाले, एकाच्या आईची तक्रार आली तेव्हा कळले. सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावायची असते, नाहीतर एकमेकांना टेकून तापतात. आमची ती फुगलेली बॅटरी आम्ही मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दिली. घंटागाडीत अशी बॅटरी दाबली गेली तर पेट घेते. घंटागाडीवरच्या दादांना आम्ही औषधांच्या गोळ्यांची वेगळी पिशवी देऊ लागलो तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी ती उलटसुलट करून पाहिली आणि गाडीच्या बाजूला खिळ्याला टांगली. दुसऱ्या महिन्यात आम्ही सुयांची बाटली दवाखान्यात नेत असताना त्यांनी हाक मारून थांबवले. बाटली हातात घेऊन अब्बांचे अक्षर वाचले, सुईचे चित्र पाहिले.

"मॅडम, अशी एखादी रिकामी बाटली आहे का? आईला सुरू झालंय दोन महिन्यांपासून. आम्ही पेपरात गुंडाळून टाकतो."

मुलाची तीन महिन्यांची तपासणी परीक्षेनंतर झाली. निकाल चांगला आला. सहाव्या महिन्यातला लसीचा शेवटचा डोसही झाला. तो आता आठवीत आहे, पेन नीट धरतो, शुद्धलेखन तसेच आहे. माळ्यावरच्या सहा ट्यूबलाइट मात्र अजून माळ्यावरच आहेत. ट्यूब आणि सीएफएल ई-कचऱ्यात येतात, त्यांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे असे नियमात वाचले. जिथून ट्यूब घेतल्या त्या दुकानदाराला दोनदा विचारले. तो म्हणाला, शंभर जमल्या तर एखादी गाडी बोलावता येईल. आम्ही गल्लीत विचारायला सुरुवात केली आहे. सध्या 41 झाल्या आहेत, जुन्या चादरीत गुंडाळून, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी.